होडी नावाचं गाव

वूच म्हणजे होडी.
इथून समुद्र गाडीने चार तास,
आणि गावातली नदी गिरणीवाल्यांनी
कधीच रस्त्याखाली गाडून टाकली.
तरी नगरपालिकेच्या शिक्क्यावर होडी आहे.
आम्ही तिच्यात बसून बटणं करतो.

लेथवर ल्युबोमिर, भोकांना झ्दिस्लावा,
पॉलिशच्या पिंपाशेजारी बहिरा होत गेलेला माझा दीर,
आणि हिशेबाला मी.
ताग्वाच्या बिया येतात इक्वेडोरहून, मांताच्या बंदरातून.
दिसायला हस्तिदंत, पण झाडाचं.
पाठवणारा एफ्राइन पोत्यात दर वेळी
मूठभर बिया जास्तीच्या टाकतो, बिलात न धरता.
त्याला मी पाहिलेलं नाही.

मोठ्या कंपनीनेही मला पाहिलेलं नव्हतं.
त्यांचे कोट बल्गेरियात शिवले जात,
बटणं बोटीने यायची, पूर्वेकडून, प्लॅस्टिकची,
आमच्या बटणाच्या अकराव्या हिश्शात.
मग ज्या हिवाळ्यात जहाजं
अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालू लागली,
त्या हिवाळ्यात फोन वाजला.
कोवळा आवाज. म्हणाला, आम्ही पुरवठा लवचिक करतोय.
मी म्हटलं, बटणं किती?
चार लाख.
चाळीस हजार कोट इस्त्री होऊन टांगलेले,
छातीशी उघडे.
हत्ती केव्हाच गेला होता,
शेपूट अडकलं होतं ते आमच्या दारात.

बँकेने कॉफी दिली, बिस्किट दिलं,
म्हणाली, दुसरं यंत्र घ्या.
माझ्या सासऱ्याने घेतलं होतं एकदा,
अशाच एका फोनच्या जोरावर.
त्याचे हप्ते मी फेडलेत.

मी ट्राम पकडून पाब्यानित्सेला गेले,
श्चेपान्याककडे.
अकरा वर्षं बोलणं नव्हतं:
त्याने आमचं गिऱ्हाईक पळवलं होतं,
किंवा आम्ही त्याचं.
उंबऱ्यातूनच म्हटलं, दोन लाख तुझी.
त्याने नमुना खिडकीच्या उजेडात धरला,
फिरवला, पुन्हा फिरवला.
कड जाड आहे, म्हणाला.
मग घास, म्हटलं.

ईस्टरच्या दिवशीही भोकं पाडत होतो.
झ्दिस्लावाने अंडं सोललं तेव्हा
सालीचा चुरा कुठला, बीचा कुठला, कळेना.
ती तसंच खाऊन टाकती झाली.
माल वेळेवर गेला. दोन पेट्या परत आल्या,
रंग अर्धी छटा फिका म्हणून.
त्या अजून जिन्याखाली आहेत.

ऑक्टोबरात भाडी उतरली.
त्याच कोवळ्या आवाजाचा मेल आला, आभाराचा,
खाली सही दुसऱ्याच कुणाची.
गरज सरली.
वैद्य मेला नाही, एवढंच.
वैद्याकडे चौदा पोती बी उरली,
आणि ल्युबोमिरचा खांदा रात्रीचा दुखतो.

पण श्चेपान्याक आता फोन करतो.
आधी पाच मिनिटं महागाईला शिव्या, मग काम.
कौनासला एक बाई आहे, लहान मुलांचे कोट शिवते,
एका वेळी दोनशे, तेही उधारीवर.
आम्ही तिघांनी मिळून मांताहून
एका कंटेनरचा कोपरा घेतलाय.
उरलेल्यात कुणाचे तरी टुना मासे.
एफ्राइनने लिहिलंय, वास लागला तर रागावू नका.

याला कुणी साखळी म्हणेल.
मला ती उचलता येत नाही, साखळी.
दोरा येतो:
चार भोकांतून आडवा-उभा, मागे गाठ,
आणि तोडायला दात.

परवा ट्राममध्ये समोरच्या माणसाच्या कोटाचं
वरून तिसरं बटण लोंबत होतं.
आमचंच. कड जरा जाड,
म्हणजे माझं, श्चेपान्याकचं नव्हे.
सांगणार होते त्याला, पडायच्या आत शिवून घ्या.
सुईसुद्धा होती पर्समध्ये.
तेवढ्यात त्याचा थांबा आला.