शंखाचा तुकडा

मे महिन्यात नाथसागर मागं सरकतो,
पैठणच्या वरच्या अंगाला गाळ भेगाळतो,
तेव्हा आम्ही दोरी-खुंट्या घेऊन चौकोन आखतो.
चौथ्या खड्ड्यात, राखेच्या थराखाली,
चतुराबाईच्या खुरप्याला पांढरं काहीतरी लागलं.

नखाएवढं. वाकलेलं. एका अंगानं घासून गुळगुळीत.
"हाड न्हाई हे," ती म्हणाली, "गार लागतंय."
दातावर हळूच वाजवून पाहिलं तिनं.
शंख. बांगडीचा तुकडा.

इथून समिंदर किती?
पायी म्हणाल तर, घाट उतरून, पंधरा दिवस.
मंग कोनं आनला?
मला ठाऊक नव्हतं. वहीत लिहिलं :
शंख, एक, तुटका.

बाभळीखाली जेवताना
जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं :
समुद्र कधीकाळी पार लांब होता,
आज होड्या जातात तिथं गवत होतं, हरणं, चुली;
मग दूर कुठं बर्फ वितळला नि पाणी चढलं.
लाटेसारखं नाही. इतकं हळू
की बापानं कालवं फोडली त्या खडकावर
लेकाचे घोटे भिजावेत, बस.
चूल मागं घ्यायची. नातवानं आणखी मागं.
ही बांगडी त्या लोकांची नव्हे,
मधे हजारो वर्षं आहेत,
हेही सांगितलं.

तिनं भाकरी ठेच्याला लावली.
"हळू आलं म्हंता.
बरं होतं मंग त्याहिचं.
आमाला कागद आला."

जुनी केतकवाडी ह्याच पाण्याखाली.
ती तेव्हा सात वर्षांची.
नदी उंबऱ्याशी आली आणि परत गेलीच नाही.
मायनं जात्याची वरची तळी डोक्यावर घेतली,
खालची राहिली.
"असंल तिथंच," तिनं हनुवटीनं दाखवलं,
जिथं एक बगळा
एका पायावर, कुणाचीच वाट न बघता, उभा होता.

संध्याकाळी पुडी बांधण्याआधी
तिनं तो तुकडा स्वतःच्या मनगटावर धरला.
वाक जुळेना. फिरवून पाहिला. जुळेना.
"ल्हान्या पोरीची हाय," म्हणाली,
आणि पाटी उचलून पुढं गेली.

मोजमापाआधी असं काही लिहायचं नसतं.
मी पेन्सिलीनं लिहिलं, 'तुटका'च्या पुढं,
आणि खोडलं नाही.