तीन नंबरचं काउंटर

आयली कोस्केला आत आली तेव्हा
बाहेर उणे सत्तावीस होतं
आणि तिच्या बुटांवरचा बर्फ
वितळायचं नाव घेत नव्हता.
एरवी ती गुरुवारी येते:
घशाच्या गोळ्या, मांजराचं खाणं, लॉटरीचं एक तिकीट.
आज मंगळवार.

काउंटरवर तिने ठेवली
पाचशे-पाचशे डॉलरची चार गिफ्ट कार्डं,
पत्त्यांसारखी, पालथी.
"नातवंडांसाठी," ती म्हणाली,
मी काही न विचारता.

थंडर बेच्या या औषधांच्या दुकानात
अकरा वर्षं मी गल्ल्यावर आहे.
नातवंडांसाठी घेणारी माणसं
आधी कागद निवडतात, फुलांचा की फुग्यांचा,
किमतीवरून कुरकुरतात,
धाकट्याचं नाव विसरून हसतात.
आयलीला मुलगी एकच, व्हँकूवरला.
तिला मूल नाही. कुत्रा आहे.

तेवढ्यात आयलीचा कोट बोलला.
"मॅडम? फोन ठेवायचा नाही हं, मॅडम."
गोड आवाज. घरच्या डॉक्टरचा असावा तसा,
नवीन जावयाचा असावा तसा.
कॉम्प्युटरचा पडदा लाल झालाय,
भोंगा थांबत नाहीये,
दोन तासांत बँकेतलं सगळं धुऊन जाईल,
आणि दुकानातली माणसंही सामील असतात,
त्यांना काही सांगू नका.

म्हणजे चोर मी.

मी तोंड उघडलं नाही.
मशीनमधून कोरी पावती ओढली, लिहिलं:
खिशात कोण आहे?

तिने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
माझं पेन घेतलं आणि जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं:
कंपनीचा माणूस.
मग जरा थांबून
पहिल्या शब्दावर काट मारली.

मागे बर्फ उपसणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर
खोकल्याची बाटली हातात घेऊन उसासे टाकत होता.

आयली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, हे गावाला माहीत आहे.
एकतीस वर्षं कानाला हेडफोन.
कुणाचं बाळंतपण, कुणाचा खाणीतला अपघात,
सगळ्यांच्या लाइनी तिने जोडल्या
आणि कधी आत कान दिला नाही.
म्हणते तरी तसं.

तिने खिशातून फोन काढला. पाठ ताठ केली.
जो आवाज आला तो आजच्या आयलीचा नव्हता,
एकोणीसशे अडुसष्टचा होता:
"क्षमस्व. ही लाइन आता तोडण्यात येत आहे."
आणि बोर्डावरची दोरी उपटावी तसा
अंगठा दाबला.

ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या.
मला वाटलं, संपलं.
कार्डं परत लावायला मी उचललीसुद्धा.
ती मात्र तिथेच, हातमोजा घालत, काढत.
मग रांगेला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली,
"गेल्या मार्चमध्येही आला होता.
तेव्हा तू सुट्टीवर होतीस."

किती, ते मी विचारलं नाही.
"लेकीला कळलं तर म्हणेल,
आई, आता तुला एकटीला कसं ठेवायचं?"
आकडा ती कसाबसा गिळून बसली होती.
हे वाक्य घशाखाली उतरत नव्हतं.

त्याच पावतीवर, काट मारलेल्या शब्दाखाली,
मी बँकेचा नंबर लिहिला, पोलिसांचाही.
तिने घडी घातली, आणि ठेवली
ज्या खिशात फोन नव्हता त्या खिशात.

गुरुवारी आली. गोळ्या, मांजराचं खाणं.
तिकीट नको म्हणाली.
कोटाच्या आत धरून आणलेला वेलदोड्याचा पाव
माझ्यापुढे सरकवला, अजून कोमट,
आणि त्याच वेळी तिचा फोन वाजला.
आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.
दोन रिंगा. तीन.
"मुलगी आहे," ती म्हणाली,
आणि उचलण्याआधी
बराच वेळ घसा साफ करत राहिली.