शनिवारची इस्त्री

मॅच मी बघत नाही.
शुक्रवारी संध्याकाळी सूरच्या गल्लीत
माझं एकट्याचं दुकान उघडं असतं,
मी आणि वाफेची इस्त्री.
वारा इकडचा असला तर कधी मैदानावरून गलका येतो,
गोल झाला की हुकला, ते त्यातून कळत नाही.

शनिवारी कपडे सांगतात.

ओमानी डिशडाशाच्या गळ्याशी गोंडा असतो,
चार बोटं लांब, अत्तरात बुडवलेला.
जिंकले तर तो तसाच, दरवळता,
बाह्यांना हलव्याचं तूप,
पाठीला गाडीच्या टपावर बसल्याची धूळ.
हरले तर गोंडा चावलेला.
शेवटची वीस मिनिटं दातात धरून
पार सुंभ केलेला असतो त्याचा.
मोठी माणसं आहेत ही.
एक कस्टममध्ये साहेब आहे,
एकाला सात नातवंडं.

हरल्याच्या शनिवारी सलाम अर्धाच येतो,
पन्नास बैशांवरून हुज्जत होते.
शेजारचा बिजू म्हणतो, साखर रोजचीच घालतो
तरी चहाचे कप परत येतात.
शाळेच्या बसवरचा हमूद
हॉर्न दाबून पोरं रडवतो,
बुधवारी कुठं त्याचा चेहरा जाग्यावर येतो.
आणि शफीकुल, माझा हेल्पर,
सुट्टी मागायच्या आधी विचारून घेतो:
‘दादा, काल किती?’

मला याचं हसू येत नाही.
मी कोल्हापूरचा.
पेठेची फायनल गेली की
आमच्या तालमीच्या कट्ट्यावर दोन दिवस कुत्रं बसायचं नाही.
बापानं एकदा भरलं पातेलं तांबड्या रश्श्याचं
मोरीत ओतलं,
आई म्हणाली,
‘रेफ्रीवरचा राग बकऱ्यावर कशापायी?’

फेब्रुवारीत पुतण्याचा फोन आला.
‘काका, पेनल्टीवर गेली.’
मी ‘बरं’ म्हणालो
आणि इस्त्री होती तिथंच राहिली,
खल्फानच्या पांढऱ्या डिशडाशावर, डाव्या बरगडीपाशी.
होडीएवढा नाही, पण होडीसारखा
तपकिरी डाग.

नवा घेऊन देतो, म्हणालो.
खल्फाननं डाग बघितला, मग मला बघितलं.
‘कोण हरलं?’
नाव सांगितलं. त्याच्या जिभेला ते वळेना.
डिशडाशा खांद्यावर टाकून निघून गेला.

त्या शुक्रवारी तोच घालून गेला. तीन-शून्य.
पुढच्या शुक्रवारी तोच. दोन-एक.
मग हुकूम निघाला: इस्त्री कर, धुवायचा नाही.
‘रफीक, पाण्यानं जातं ते.’
काय जातं, मी विचारलं नाही.

पाच आठवडे.
घाम, लोबान, सुका मासा,
इस्त्री फिरली की सगळं एकदम उठायचं,
शफीकुल तोंडाला फडकं बांधायचा.
डागाच्या कडेकडेनं मी हलक्या हातानं जायचो,
देव पुसताना जातो तसा.
खल्फान शीळ घालत यायचा,
सुट्टे पैसे काउंटरवरच सोडायचा.

मालन फोनवर म्हणाली,
‘बोनस मिळाला काय? आवाज लई मोकळा लागतोय.’
‘न्हाई गं, जिंकलेत.’
‘कोण?’
‘आमचे,’ म्हणालो.
तोंडातून गेलं ते.

काल हरले. चार-शून्य.
आज खल्फान दुपार टळल्यावर आला,
बोचकं ठेवलं, ‘धुऊन टाक’ म्हणाला,
पावती न घेता गेला.
गोंडा एका धाग्यावर लोंबत होता.

शफीकुल मशीनचं झाकण उघडून उभा.
थांब म्हटलं,
आधी हा टाकून घेतो.
पांढरा दोरा काढला, ट्यूबखाली सुई धरली,
दोरा नेढ्यात जाईना.
अजून दोन मॅच आहेत लीगच्या.
दोऱ्याचं टोक मी दातात धरलं,
आणि कितीतरी वेळ
तसंच धरून बसलो.