हातचा

सात पांढऱ्या पिशव्या शेताच्या कडेला आडव्या पडल्यात,
एकेक साठ मीटर लांब,
पोटात दोनशे टन गहू, गप्प.
नवख्याला वाटतं समुद्र ओसरला
आणि देवमासे मागे राहिले.
समुद्र इथून सत्तर किलोमीटर.

आइनार, माझा भाऊ, पेरतो, फवारतो,
यंत्राखाली उताणा झोपून त्याला शिव्या घालतो.
मी वही सांभाळते.
सावलीतलं काम, असं तो म्हणतो.
म्हणू दे.

इथला पेसो सकाळी एक असतो,
दुपारची झोप काढून उठावं तर दुसराच.
म्हणून आम्ही गव्हात मोजतो.
आइनारच्या दाढेची टोपी: दोन टन.
पुतणीचा पंधरावा वाढदिवस: अकरा टन, बँडसकट
(बँड सुरात नव्हता, ते वहीत नाही).
पिकअप: एक अख्खी पिशवी,
आणि विक्रेत्याने गोड हसून मागितलेला वरचा तुकडा.
इर्मा पेदेर्सेनच्या ऐंशी हेक्टरांचा खंड
हेक्टरी बारा क्विंटल, गहूच, नोटा नकोत.
नोटा मी एकदा उशीत भरल्या होत्या, म्हातारी सांगते,
शेवटी उशीच महाग निघाली.

पापा बेरीज करताना "हातचा एक" म्हणायचे
आणि खरंच मूठ मिटायचे.
रकाना संपेपर्यंत डावा हात तसाच,
कुणी काही मागितलं तरी उघडायचा नाही.
मला वाटायचं आत काहीतरी आहे.
एकदा ते डुलकीत असताना
एकेक बोट सोडवून पाहिलं:
शाईचा डाग.

रोज नऊ वाजता बाहिया ब्लांकाहून लुक्रेसियाचा फोन.
"आज एकशे अठ्ठ्याण्णव."
"बघते."
"चाळीस दिवस झाले, तू बघतेच आहेस."
तिचं खरं आहे. पण विकलं की
गव्हाचा आकडा होतो,
आणि आकड्याला कुठे झाकून ठेवू?
गहू निदान पडून राहतो. त्याला वास असतो.

वासच आला. मंगळवारी, पावसानंतर, चौथ्या पिशवीजवळ,
आंबूस, जुन्या पिंपासारखा.
कंदील खाली धरला तर बुडाशी भोक,
आणि भोकाजवळ पेलुदो,
चिलखत घातलेला, पोट भरलेला,
माझ्याकडे असं बघत होता
जणू मीच उशिरा आले.
मी चिकटपट्टी लावली. गुडघे चिखलात.
पट्टी ओल्यावर धरत नाही, हे मला माहीत होतं,
तरी लावली.
कोपरापर्यंत हात आत घालून दाणे काढले,
काही कोरडे, काही कोमट.
कोमट गहू वाट पाहत नाही.

सकाळी फोन वाजायच्या आत मीच लावला.
"चौथी घेऊन जा."
"फक्त चौथी?"
"फक्त चौथी."
भिजलेलं बाजूला काढून, दर पाडून,
दोन दिवसांत सात ट्रक गेले, रस्त्याला भेगा पाडत.
आइनार हसून लोळला:
तू चाळीस दिवस हिशेब केलास
आणि सौदा ठरवला एका जनावराने!
मी वहीत लिहिलं:
सल्लागार फी, पेलुदो, चार क्विंटल.

पुढच्या आठवड्यात दर एकशे त्र्याऐंशी.
त्याच्या पुढच्यात दोनशे सात.
दोन्ही आकडे मी लिहिले, शेजारी शेजारी,
आणि कशाखालीच रेघ ओढली नाही.

रात्री इर्माचा फोन.
तिला सगळं आधीच कळलेलं असतं.
"चौथ्या पिशवीत माझा गहू नव्हता ना?"
"गव्हावर नावं नसतात, इर्मा."
पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू आली.
"मग तो तुझाच होता," ती म्हणाली,
आणि फोन ठेवला.