दुसऱ्याचं पितळ

माँटानातल्या ऑर्डेल स्कारच्या तळघरात
रात्रभर ड्रम फिरतो,
अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणि दोनशे पुंगळ्या.
वर थिआ कूस बदलून म्हणते,
गव्हाचा ट्रक रिकामा होतोय कुठेतरी,
संपतच नाही.

सकाळी चाळणी.
पुंगळ्या कोमट, पिवळ्याधमक.
बुडाच्या खळग्यातली काजळी
तो टोच्याने उकरतो, एकेक,
मान उजेडाकडे धरून तडा शोधतो.
पाचदा उडालेल्या इकडे,
सहादा उडालेल्या तिकडे,
तडकलेली कॉफीच्या डब्यात, टण्णकन.

मग हातात येते ही.
आपली नव्हे.
कडेला तीच नखाएवढी खोच,
बापाच्या रायफलीतून निघाल्याशिवाय
अशी पडत नाही.
आणि रायफल हॅल्वरकडे.
अकरा वर्षं.
म्हणजे बोलणं बंद झालं तेव्हापासून.

म्हणजे तोही जातो तर,
ओढ्यापलीकडच्या त्याच कुरणात,
वारा पडल्यावर.

काजळीत कळत नव्हतं काही.
घासलं, आणि पितळ उघडं पडलं.
कुणाचं, ते ऑर्डेल बोलत नाही.

लिंबाच्या पाण्यात तो ती पुन्हा बुडवतो,
फडक्याने पुसतो, आतूनसुद्धा,
जरा जास्तच वेळ.
आपल्या पेटीत ठेवत नाही.
डब्यातही टाकत नाही.

रविवारी कुरणाच्या तारकुंपणाशी,
फाटकापासून तिसऱ्या खांबाच्या डोक्यावर,
ती उभी आहे, तोंड वर करून,
आणि बर्फाचा बारीक चुरा
तिच्यात पडतोय.