धरून चालू

धरून चालू की वस्ती बंद आहे.
बाहेरून कुणी येत नाही, आतून कुणी जात नाही,
आणि आतला प्रत्येकजण
आतल्या प्रत्येकाला सारखाच भेटतो.
या एका वाक्यावर
बेलापूरच्या ऑफिसात मी सात वर्षं पगार घेतला.

पोरं तीन खोक्यांत :
ज्यांना गोवर होऊ शकतो,
ज्यांना झालाय,
ज्यांचा हिशोब संपला.
मधले बाण मीच काढलेले.
रजिस्टरात रुग्ण नऊ.
नवांवर रेषा उठत नाही,
आजारी पोरासारखी पडून राहते.

सुनंदा कुसाळकर, आशा सेविका, बोनसरी,
स्क्रीनवर वाकून म्हणाली : नऊ कसे?
माझ्याकडे एकतीस डहाळ्या आहेत.

मग खदानीखालच्या गल्लीत
माझी आकडेवारी मी पहिल्यांदा पाहिली.
दारोदार खोचलेला कडुनिंब.
माता आलीय म्हणतात, दवाखान्यात सांगत नाहीत;
घरी आलेल्या बाईला
कुणी सरकारी कागदावर चढवतं का?

सुनंदाची वही चौकटींची,
लेकाच्या गणितातून उरलेली.
हिरवा पाला : अंगावर पुरळ आहे.
सुकलेला : चार दिवस उलटले.
पानाच्या रंगावरून तिनं
संसर्गाचा काळ मोजला होता
आणि तिला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं.

मधल्या ओळीत अकरा का?
टीव्ही, ती म्हणाली. केबल धोत्र्यांपर्यंतच पोचते.
संध्याकाळी सगळी पोरं तिथं, मांडीला मांडी.
'सारखाच भेटतो'
हे मी धोत्र्यांच्या उंबऱ्यावर खोडलं.

शेवटून तिसरं दार.
खिळा होता, खिळ्याला लाल दोरा,
पाला नव्हता.
ही बरी झालेली का?
काढली, ती म्हणाली,
आणि वहीचं पान उलटलं.

माझ्या तिसऱ्या खोक्याला
एकच अक्षर आहे.
खेळायला गेलेलं पोर आणि हे दार
त्यात शेजारी शेजारी बसतात, बेरीज चुकत नाही.

उतरताना खडी घसरत होती.
धरून चाला, मॅडम, ती म्हणाली.
कशाला, ते विचारायच्या आत
तिनं कोपर पुढं केलं.

गुरुवारी लसीचा डबा
धोत्र्यांच्या टीव्हीशेजारी ठेवला.
कार्टून चालू ठेवा, सुनंदाचा हुकूम.
सत्तेचाळीस दंड.
एक पोर रडलं नाही, ते मी नोंदवलं,
कुठल्या रकान्यात, आठवत नाही.