पांढऱ्या कपड्यापुढे

अमावस्येच्या आगेमागे
सुकीच्या काठाला दोन बांबू ठोकून
आम्ही पांढरा कपडा ताणतो,
पुढे दिवा लावतो आणि गप्प बसतो.
आले तर पतंग येतात.
मांज्याचे नव्हेत, मिशा असलेले.
नाही आले तर चिलटं,
आणि पालहून उतरणारा एखादा फटफटीवाला :
"पिच्चर दाखवता का भो?"

कपडा प्रल्हाद भोईचा, मंडप-डेकोरेशनचा.
गेल्या आठवड्यात याच्याखाली कुणाची तरी हळद झाली,
कोपऱ्यात बोटं उमटलीत.
हळदीवर पतंग बसत नाही, असं प्रल्हादचं म्हणणं.
आम्ही मोजून पाहिलं. बसतो.

तपन मैती जळगावहून येतो.
सराफ बाजारात, माडीवर, सोन्याची तार ओढतो.
डोळ्याला भिंग लावून मिशी बघतो आणि म्हणतो,
एवढी बारीक जाळी जमेल एखादवेळ,
पण या मजुरीत नाही.

यशवंत सपकाळे मालगाडी चालवतो.
भुसावळपासून पुढे रात्रभर
लाल-हिरव्यावर डोळा ठेवलेला माणूस
इथं दिव्याकडे पाठ करून बसतो.
तुम्ही सांगा काय आलं, म्हणतो, मी ऐकतो.

हसन तडवी केळीचे घड वाहतो.
चिकाने काळ्या झालेल्या त्याच्या सदऱ्यावर
कपड्यापेक्षा जास्त गर्दी.
तो हलत नाही.

आणि पुंडलिक फालक.
फैजपूरला कृषी सेवा केंद्र.
मागच्या साली खाली शिवणीपाशी
नखाहून लहान, राखाडी जीव येऊन बसला :
गुलाबी बोंडअळीची आई.
सगळ्यांनी पुंडलिककडे पाहिलं.
सकाळपासून हिच्याच नावाने
त्याने अकरा बाटल्या विकल्या होत्या.
तो वाकला, चष्मा पुसून पुन्हा वाकला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"पंखाला झालर असते, हे
कंपनीच्या तक्त्यावर नाही."

वही कुमुद अत्तरदेंकडे.
चार वर्षं झाली, त्या काय करतात कुणी विचारलं नाही.
आमच्यात विचारत नाहीत,
बोलता बोलता सांडतं तेवढं कळतं,
आणि त्या बोलत नाहीत.
शाळेत असतील, असं मी धरून चाललेलो.
अक्षरच तसं.
'नर. एक. पहाटे ३.१०. उजवा पंख फाटका.'
'र'ची शेपटी खाली जाऊन
काही विसरल्यासारखी परत वर वळलेली.

भाद्रपदात वडील गेले.
नोंद करायला सावद्याच्या नगरपालिकेत गेलो.
खिडकी दोन, जन्म-मृत्यू.
गजाआड कुमुदताई.
ओळख दाखवायला दोघांनीही जरा उशीर केला.
उजेडात कधी पाहिलं नव्हतं ना.

"माहिती देणाऱ्याचा धंदा?"
"डाळमिलमध्ये. चाळणीवर."
"हो का," त्या म्हणाल्या,
"मला वाटायचं, मास्तर असाल."

मोठी वही ओढली.
नाव. वय एकोणऐंशी. वेळ?
पहाटेच कधीतरी, मी म्हणालो. झोप लागली होती मला.
हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं.
त्या पेन वर धरून थांबल्या,
कपड्यापुढे थांबतात तशा,
पंख मिटून बसलेलं नीट दिसेपर्यंत.
मग मला आठवलं, दूधवाल्याची गाडी
अजून यायची होती.
'अंदाजे ४,' त्यांनी लिहिलं.
पत्त्यात रावेर रोड आलं. 'र' तसाच
खाली गेला, वर वळला.

वाईट झालं वगैरे काही म्हणाल्या नाहीत.
शिक्का मारला, कागद फुंकून वाळवला.
"सही इथं. रेघेच्या खाली नको."
मागचा माणूस कोपराने ढकलायला लागला,
मी बाजूला झालो,
तेव्हा गजातून :

"मंगळवारी अमावस्या.
प्रल्हादला म्हणा, कपडा धुऊन आण."